तिथीची पाऊणपट

मामांनी मला पहिल्यांदा मानशीवर नेलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आजोळ फोंडा तालुक्यातलं, जुवारीकाठचं. नदीला लागून मातीचा लांबलचक बांध, त्यात चिऱ्यांनी बांधून काढलेलं एक तोंड आणि त्या तोंडावर लाकडाच्या दोन झडपा. हीच मानस. मामांनी विचारलं, "आज तिथी किती?" सकाळी आजी सप्तमी म्हणाली होती ते आठवत होतं. "मग सात पाऊणे?" पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तेव्हा घरीच पाठ करून घेत. "सव्वापाच," मी म्हटलं. "म्हणजे सव्वापाचला नदी भरणार. पण दार सातच्या आधी हलायचं नाही. बस."

बसलो. सव्वापाचच्या सुमारास पाणी बांधाच्या खुणेपर्यंत चढलं, थोडा वेळ नुसतं उभं राहिलं आणि मग उतरू लागलं. झडपा मात्र घट्ट मिटलेल्या. सातच्या आसपास दोन फळ्यांच्या मधून दोऱ्याएवढी पाण्याची रेघ निघाली. मग लाकूड करकरलं, झडपा नदीच्या बाजूला रेलल्या आणि आतलं पाणी फेसाळत बाहेर पडायला लागलं. कोणी हात लावला नव्हता. मामांनी माझा तळवा त्या ओल्या लाकडावर टेकवला. आतून धडधड जाणवत होती.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब कोकणपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो बरोबर का येतो हे मला फार पुढे कळलं. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी होते. पृथ्वीला स्वतःभोवती 1 अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, 12 अंशांना 48. म्हणून दर तिथीला चंद्र डोक्यावर यायला तेवढा उशीर करतो, आणि समुद्राचं पाणी चंद्राच्या ओढीनं चढत असल्यामुळे भरतीही तेवढीच मागे सरकते. 48 मिनिटं म्हणजे पाऊण तास आणि वर तीनच मिनिटं. पक्षाच्या शेवटी ही तीन-तीन मिनिटं साठून पाऊण तासाची चूक होते, पण प्रतिपदेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून. शुद्ध की वद्य हेही विचारावं लागत नाही, कारण 15 तिथ्यांत 12 तास भरतात आणि दिवसातून दोनदा येणारी भरती फिरून त्याच वेळेवर येते. ठिकाणाप्रमाणे तासभर इकडेतिकडे होतं. नदीच्या मुखाशी पाणी आधी चढतं, आत जावं तसं उशिरा. पंचांगाला आपण मुहूर्त विचारतो. खाजनातल्या माणसाला तेच पंचांग पाण्याचं वेळापत्रक असतं.

खाजन म्हणजे मांडवी, जुवारी, शापोरा, साळ अशा नद्यांच्या काठची सखल जमीन. गोव्यात शेताचे प्रकार उंचीवरून पडतात. मोरड वर, खेर मधे आणि खाजन सगळ्यांत खाली, भरतीच्या पातळीच्याही खाली. बांध नसेल तर दिवसातून दोनदा ती खाऱ्या पाण्यात जाईल. मांडवी आणि जुवारी या नद्यांत भरती मुखापासून 40 किलोमीटरांहून आत चढते, त्यामुळे समुद्र डोळ्यांनी कधी दिसत नाही अशा गावांनाही हा खारा पाहुणा रोज दोनदा भेटतो. अशी जमीन गोव्यात जवळपास 18,000 हेक्टर आहे.

ही व्यवस्था पोर्तुगिजांनी आणली असं अनेकांना वाटतं. शाळेत असताना मलाही वाटायचं. पण फोंड्याजवळच्या बांदिवडे गावी सापडलेला एक ताम्रपट त्यांच्या निदान आठशे वर्षं आधीचा आहे. तो कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मन राजाचा. अभ्यासक तो सहाव्या-सातव्या शतकातला मानतात. राजा एका सामवेदी ब्राह्मणाला 'खज्जन' जमीन दान देतो, आणि तिचं काय करायचं तेही सांगतो: माणसं लावायची, बांध घालून समुद्राचं खारं पाणी अडवायचं आणि जमीन लागवडीखाली आणायची. म्हणजे आपण आज उच्चारतो तो शब्द आणि आज करतो तेच काम, दोन्ही तांब्यावर कोरलेली आहेत. दानपत्रांत गावांच्या सीमा, कर, साक्षीदार असं पुष्कळ काही असतं. जमीन तयार करायची रीत त्यात वाचली तेव्हा मला मामांचे चिखलानं भरलेले पाय आठवले.

मानशीचं काम दाबाच्या फरकावर चालतं. नदीचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा उंच असलं की बाहेरचा दाब झडपांना चौकटीवर दाबून धरतो. भरती जितकी जोराची, तितकं दार घट्ट. नदी उतरून आतल्या पाण्याच्या खाली गेली की दाब उलटतो आणि दार बाहेर ढकललं जातं. 'सातच्या आधी नाही' यातलं मर्म हेच. ओहोटी लागल्याबरोबर दार उघडत नाही, दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर उघडतं. आतल्या अंगाला पोय नावाचा पसरट, खोल भाग राखलेला असतो. शेतातलं जास्तीचं पाणी चरांतून तिथे येऊन थांबतं आणि दार उघडायची वाट पाहतं. पावसाळ्यात जोराची सर आणि उधाण एकाच वेळी आलं तर ते चार-पाच तास ही पोयच शेताला वाचवते. झडपांना पूर्वी मट्टीसारखं खाऱ्या पाण्याला दाद न देणारं लाकूड वापरत. महाराष्ट्रात त्यालाच ऐन म्हणतात.

भरती-ओहोटीचं हे गणित शेतापुरतं राहिलेलं नाही. जुवे बेट, म्हणजे सांतेस्तेव्ह, आज सगळ्यांना भेंडीमुळे माहीत. तिथली लांब, जाड शिरांची भेंडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाहताक्षणी ओळखू येते. याच बेटावर 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री, पाणी उतरलेलं असताना, संभाजी महाराजांचे सैनिक ओलांडून गेले आणि त्यांनी तिथला कोट घेतला. पोर्तुगिजांची जुनी राजधानी तिथून अगदी जवळ. दुसऱ्या दिवशी खुद्द पोर्तुगीज व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट, कोट परत घ्यायला आला आणि जखमी होऊन माघारी पळाला. महाराजांनी पाठलागात घोडा पाण्यात घातला, भरतीच्या पाण्यात तो पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, ही हकीकत आपल्याकडे आवर्जून सांगतात.

एकदा मी त्या रात्रीचा चंद्र मागे मोजत गेलो. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी 29.53 दिवस धरून 1683 पर्यंत उतरलं की तिथी येते शुद्ध पंचमी-षष्ठीच्या आसपासची. पाऊणपट केली की भरती दुपारी पावणेचार ते साडेचार. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की ओहोटीचा तळ रात्री दहा ते पावणेअकराच्या दरम्यान. अंधार पडल्यानंतर आणि चंद्र मावळायच्या बेतात असताना पाणी सगळ्यांत खाली. ज्यांनी ती रात्र निवडली त्यांच्यात पाण्याचा हिशेब जाणणारं कोणीतरी होतं, असं मला ठामपणे वाटतं. कागदपत्रांत त्याचं नाव सापडायचं नाही. असं ज्ञान कागदावर क्वचितच उतरतं.

आता मिठाकडे वळतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं, आणि भात मिठाला फार हळवं पीक आहे. विशेषतः रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात असताना. मग खाजनात भात येतं कसं? एक तर गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पहिल्या सरींनी मातीतलं मीठ विरघळतं आणि ओहोटीला मानशीतून बाहेर जातं. नदीही तेव्हा डोंगरावरच्या पाण्यानं गोडी झालेली असते. म्हणून खाजनातला शेतकरी पेरणीची घाई करत नाही. दोन-चार सरींनी माती 'धुतली' की मगच मोड आलेलं बी टाकतो. दुसरं म्हणजे बी. कोरगुट हे इथलं जुनं भात उंच वाढतं, पाण्यात उभं राहतं आणि मीठ सोसतं. तांदूळ लालसर, जाड. त्याची पेज एकदा ज्यानं खाल्ली त्याला दुसरी पचपचीत लागते. उत्पन्न नव्या वाणांपेक्षा कमी, हे खरं. पण उधाणात बांधावरून पाणी आलं तर नवं वाण करपतं आणि कोरगुट काहीतरी हातात देतं.

यात आणखी एक बारकावा आहे आणि मला तो सगळ्यांत विलक्षण वाटतो. खाजनाची माती मुळात तिवरांच्या दलदलीची. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. हवा न पोचणाऱ्या त्या काळ्या चिखलात जिवाणू त्याचं सल्फाइड करतात आणि ते लोहाशी मिळून पायराइट नावाचं खनिज बनतं. चिखल ओला आहे तोवर ते निमूट पडून राहतं. पण जमीन खोलवर सुकली, भेगा पडल्या, आत हवा शिरली की त्याचं गंधकाम्ल होतं आणि शेत आंबतं. म्हणून खाजन कायमचं कोरडं ठाक करण्यात शहाणपण नसतं. भात कापून झालं की मानशीतून मोजून खारं पाणी आत घ्यायचं आणि जमीन ओली ठेवायची. त्या पाण्याबरोबर शेवटे, चोणक, काळुंदरं, सुंगटं आत येतात, धसकटांत चरतात आणि मोठी होतात. ओहोटीला मानशीच्या तोंडावर पिशवीसारखं लांब जाळं लावलं की मासळी आपोआप त्यात.

इथून खाजनाचं अर्थशास्त्र सुरू होतं. मानशीच्या मासळीचा हक्क गाव दरवर्षी पावणी करून देतं, म्हणजे लिलाव, आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला लागतो. बांध सतत मागणारी गोष्ट आहे. कुर्ल्या त्याला भोकं पाडतात, लाटा पाया खातात. एक भोक वेळीच चिखलानं बुजलं नाही तर चार भरतींत त्याचं खिंडार होतं. एकट्याचं हे कामच नाही, कारण माझ्या बांधाचं भोक तुझ्या शेतात मीठ घालतं. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियानं 1526 मध्ये तिसवाडीच्या गावकऱ्यांच्या चालीरीतींचा जो फोराल, म्हणजे सनद, नोंदवला, त्याच्या आरंभीच सांगितलं आहे की पूर्वी चार माणसं पडीक जमीन लागवडीला आणायला आली, वस्ती वाढली आणि त्यांना गावकार म्हणू लागले. गावकरी ही संस्था अशा सामायिक कष्टांतून उभी राहिली. बांध हे त्या कष्टांचं रोज दिसणारं रूप.

आज अनेक ठिकाणी हे चक्र उलटं फिरलं आहे. कूळ कायद्यानंतर कसणाऱ्याला जमीन मिळाली, ते न्याय्यच झालं. पण कोमुनिदादीचा (गावकरी संस्थेचं हे पोर्तुगीज नाव) धाक गेला आणि बांध सांभाळणारे हात पांगले. भातापेक्षा मासळीत पैसा जास्त म्हणून कुठे मानस नको तेव्हा उघडी ठेवली गेली. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनी नदीकाठचे बांध झिजले. 1990च्या दशकात कोकण रेल्वेचा मार्ग ठरताना खाजनासाठी गोव्यात मोठं आंदोलन झालं. त्या निमित्तानं शहरातल्या कित्येकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

गेल्या चतुर्थीला आजोळी गेलो होतो. दुपारी नैवेद्य झाल्यावर एकटाच बांधावर गेलो. मामांच्या मानशीच्या जरा पुढे बांधाला दहा-बारा हातांचं खिंडार पडलं आहे, दोन वर्षं झाली. मानस अजून उभी आहे, झडपाही जागेवर आहेत, पण पाण्याला आता त्या दाराची गरज उरलेली नाही. ऐन भाद्रपदात जिथे कोरगुट गुडघ्याच्या वर हवं तिथे तिवरांची रोपं वाढली आहेत, कमरेएवढी. मी घड्याळ पाहिलं. चार पाऊणे तीन. तीनला पाच मिनिटं असताना खिंडारातून आत येणारा ओघ मंदावला, तिवरांच्या बुंध्यांभोवती पाणी स्थिर झालं आणि शेवट्यांचं एक पिल्लू उडी मारून पुन्हा आत पडलं.