चिकातल्या अँटिबॉडी: आधी वासराच्या, मग कॅप्सूलच्या

खरवस कसा करतात ते सांगायला नकोच, पण हल्ली मेडिकलमध्ये चिकाच्या पावडरी आणि कॅप्सूल दिसतात, वर मोठ्ठं ‘इम्युनिटी’ लिहिलेलं, ते आलं कुठून ते बघू.

आईच्या दुधातून पिल्लाला रोगप्रतिकारशक्ती मिळते हे १८९० च्या दशकात उंदरांवर दिसलं होतं. गाईच्या वारेतून अँटिबॉडी जवळजवळ जातच नाहीत, त्यामुळे वासराची सगळी मदार चिकावर, आणि त्याचं आतडं त्या अख्ख्याच्या अख्ख्या रक्तात घेतं ते फक्त पहिले २४ तास. माणसाच्या बाळाला आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटिबॉडी, पोटात असतानाच मिळते. म्हणजे मोठ्या माणसाने चीक खाल्ला तर त्या अँटिबॉडी रक्तात जात नाहीत, जे काही काम करतील ते आतड्यातच, आणि तिथेही बऱ्याचशा पचून जातात.

१९५० च्या दशकात अमेरिकेत ‘इम्यून मिल्क’ची कल्पना निघाली, गाईलाच ठरावीक जंतूंची लस टोचायची आणि त्या अँटिबॉडी असलेलं दूध माणसाला द्यायचं. ठोस पुरावा आला १९८८ मध्ये. स्वयंसेवकांना जुलाब करणारे ई. कोलाय मुद्दाम पाजले, अशा गाईंच्या दुधातल्या अँटिबॉडी घेतलेल्या १० जणांपैकी एकालाही जुलाब झाले नाहीत, न घेतलेल्या १० पैकी ९ जणांना झाले.

सगळा घोळ इथेच आहे. त्या अँटिबॉडी लस टोचलेल्या गाईंच्या, म्हणजे ‘हायपरइम्यून’, एका ठरावीक जंतूवर नेम धरलेल्या. साध्या चिकातही आयजीजी भरपूर असते, पहिल्या धारेच्या चांगल्या चिकात लिटरला ५० ग्रॅमच्या वर, पण ती त्या गाईच्या गोठ्यातल्या जंतूंसाठी बनलेली. दोन्हींना ‘कोलोस्ट्रम’च म्हणतात, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याच्या डबीवर जातो. मला हे अजिबात पटत नाही, लेबलवर फरक लिहायलाच हवा.

आणि उष्णतेचं काय? खरवस विरजण न लावता घट्ट होतो तो या अँटिबॉडी आणि बाकीची प्रथिनं वाफेवर गोठतात म्हणूनच. वाटी हलवून बघताना मधला भाग डुगडुगला नाही की समजायचं, त्यातल्या अँटिबॉडींचं काम संपलं. खरवस पौष्टिक आहेच, फक्त अँटिबॉडीसाठी खाऊ नका. पावडर करतानाही म्हणूनच तापमान जपावं लागतं.

आपल्याकडे दुधाच्या सरकारी व्याख्येतच ‘चीक नसलेलं’ असं होतं, त्यामुळे डेअरी तो घेत नसे, तो गोठ्यातच राहायचा. आता त्याला भाव आला तर पहिल्या काही तासांतला चीक आधी वासराच्या तोंडी जायला हवा, उरेल तो विका.