सर्पगंधेपासून डोपामाइनपर्यंत

कंपवात (पार्किन्सन) म्हटले की थरथरणारा हात डोळ्यांपुढे येतो; पण अनेक रुग्णांना त्याहून अधिक जाचतो तो हालचालींचा मंदपणा. स्नायूंत बळ असते, इच्छाही असते, तरी पाऊल लवकर उचलत नाही. या मंदपणाचे कारण उलगडण्यात सर्पगंधेचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

सर्पगंधेच्या मुळीने उच्च रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते औषध म्हणून सर्रास दिले जाऊ लागल्यावर काही रुग्णांमध्ये कंपवातासारखीच लक्षणे दिसू लागली.

स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिले, तेव्हा ते निपचित झाले. मात्र डोपा हे द्रव्य टोचताच थोड्या वेळात पुन्हा हालू लागले. डोपापासून शरीरात डोपामाइन बनते. तोवर डोपामाइन हा नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे संदेशवाहक रसायन तयार होतानाचा केवळ एक मधला टप्पा मानला जात असे. सशांच्या मेंदूत वाढलेले आढळले ते मात्र डोपामाइनच, आणि तेही मुख्यतः हालचालींशी निगडित असलेल्या खोलवरच्या केंद्रांत असते, हे लवकरच स्पष्ट झाले. ही केंद्रे एरवी हालचालींवर ब्रेक धरून ठेवतात आणि डोपामाइन योग्य वेळी तो सैल करते, असे ढोबळमानाने म्हणता येईल. व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविच यांनी १९६० मध्ये कंपवाताच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा याच भागांत डोपामाइनची मोठी तूट आढळली.

डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून तेथे पोहोचून त्यात रूपांतरित होणारे लेव्होडोपा, म्हणजे डोपाचेच एक रूप, रुग्णांना दिले जाते. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी मात्रा हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत दाखवली आणि हा उपचार रुळला. मात्र तो डोपामाइन बनवणाऱ्या पेशींचा ऱ्हास थांबवत नाही. काही वर्षांनी गोळीचा परिणाम लवकर ओसरू लागतो आणि अनावश्यक हालचालीही उद्भवतात.

लेव्होडोपा खाजकुहिलीच्या बियांतही असते. मात्र प्रत्येक बीमधले प्रमाण सारखे नसल्याने, गोळ्या चालू असताना परस्पर तिचे चूर्ण घेतल्यास एकूण मात्रा किती होते, हे डॉक्टरांनाही ठरवता येत नाही.