एकाच आजोबांचे दोन नातू

इंग्लंडमध्ये चिनीमातीच्या भांड्यांचा कारखाना चालवणाऱ्या जोसाया वेजवुड यांनी १७८७ मध्ये एक छोटं पदक काढलं. साखळदंडांत जखडलेला, गुडघा टेकून हात जोडणारा काळा माणूस आणि भोवती प्रश्न: ‘मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का?’ बायकांनी ते दागिन्यांत जडवलं आणि गुलामीविरोधी चळवळ घराघरांत पोचली.

वेजवुड हे चार्ल्स डार्विनच्या आईचे वडील. वडिलांचे वडील इरॅस्मस डार्विन, तेही गुलामीचे विरोधक. अशा घरात वाढलेला चार्ल्स १८३२ मध्ये ब्राझीलमध्ये एका तरीतून पलीकडे जात होता. सोबतच्या एका काळ्या गुलामाला त्याचं बोलणं कळेना, म्हणून चार्ल्स मोठ्याने बोलत हातवारे करू लागला. त्याचा हात गुलामाच्या चेहऱ्याजवळ जाताच त्या धिप्पाड गुलामाने डोळे अर्धवट मिटले आणि दोन्ही हात खाली सोडले. आता मार बसणार, असं त्याला वाटलं होतं, आणि तो अडवायचंही धाडस त्याच्यात उरलं नव्हतं. ती शरम डार्विन कधीच विसरला नाही.

फ्रान्सिस गाल्टन हा त्याचा आतेभाऊ. इरॅस्मस दोघांचे आजोबा, आज्या मात्र वेगळ्या. गाल्टनच्या वडिलांकडच्या घराण्याने बर्मिंगहॅममध्ये बंदुका बनवून पैसा कमावला. त्या बंदुका आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारातही जात. फ्रान्सिस स्वतः १८५० मध्ये नैऋत्य आफ्रिकेत फिरायला गेला. १८६९ मध्ये त्याने नामवंत इंग्रजांच्या वंशावळ्या मांडून बुद्धी रक्तातूनच येते असं ठरवलं, मानववंशांची उतरंडही लावली. १८८३ मध्ये त्याने ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला, म्हणजे ‘चांगल्या’ मानलेल्या लोकांची संतती वाढवून वंश ‘सुधारण्याचा’ विचार.

त्याची चूक मला फार मोठी वाटते. न्यायाधीशाचा मुलगा न्यायाधीश होतो, तेव्हा त्याला नुसतं रक्त मिळालेलं नसतं. पैसा, पुस्तकं, ओळखीपाळखी आणि मतंसुद्धा घरातूनच आलेली असतात. १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवलं, की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतात. गाल्टनच्या उतरंडीला जनुकांत आधार नाही.

पण डार्विनलाही साम्राज्याच्या काळातून पूर्ण बाहेर पडता आलं नाही. सगळी माणसं एकाच मुळातून आली, हे त्याने १८७१ मध्ये ठामपणे मांडलं. त्याच ग्रंथात ‘सुधारलेले’ वंश ‘रानटी’ वंशांना पृथ्वीवरून नाहीसे करतील, असंही लिहिलं. आजोबांच्या पदकावर ज्याला भाऊ म्हटलं होतं, तोही गुडघ्यावरच बसलेला होता.