दहा मिनिटांचं काम, आठ दिवसांची वाट

रहिवासी दाखल्यासाठी मी एकदा गोव्यातल्या एका सरकारी कार्यालयात आठ दिवसांत चार फेऱ्या मारल्या. शेवटच्या दिवशी अर्जावरचे शेरे आणि तारखा वाचल्या. प्रत्यक्ष काम फार तर दहा मिनिटांचं. बाकी वेळ कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाण्याची वाट बघत पडून होता. कारकून बिचारे मान वर न करता राबत होते. माणसं कामात आणि काम मात्र थांबलेलं, हे कोडं जुनंच आहे.

थांबणं मोजायला पहिल्यांदा बसला तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला गणिती एरलांग, 1909 मध्ये. पुढे लक्ष कारखान्यांकडे गेलं. अमेरिकन अभियंता शूहार्टने 1924 मध्ये नियंत्रण आलेख काढला, म्हणजे उत्पादनातला नेहमीचा चढउतार कोणता आणि खरा बिघाड कोणता हे दाखवणारा तक्ता. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या निमंत्रणावरून शूहार्ट 1947-48 मध्ये भारतातही येऊन गेला. 1950 मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंगने जपानी उद्योजकांना तेच धडे दिले. पण कारखान्यात वाकडा बोल्ट गिऱ्हाइकाच्या नजरेआड बाजूला काढता येतो. डिसेंबरात कळंगुटच्या हॉटेलात खोली तयार नसेल, तर पाहुणा बॅगा घेऊन समोरच उभा असतो.

हा फरक कागदावर नेमका उतरवला तो लिन शोस्टॅक या बँकेतल्या बाईंनी, 1984 मध्ये. उदाहरण घेतलं रस्त्यावरच्या बूटपॉलिशचं! ब्रश, पॉलिश, चकाकी, पैसे: काम दोन मिनिटांचं, गिऱ्हाईक सहन करील पाच मिनिटं. कुठे चुकू शकतं तेही आराखड्यात दाखवलं: चुकीच्या रंगाचं पॉलिश. मधोमध एक रेघ. तिच्या वर गिऱ्हाइकाला दिसणारं काम, खाली न दिसणारं. आपल्या कार्यालयांत ती रेघ म्हणजे खिडकीची काच.

1990 मध्ये व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमरने फोर्ड आणि माझ्दा या मोटार कंपन्यांची तुलना मांडली. पुरवठादारांची बिलं चुकती करायला फोर्डकडे पाचशेंहून जास्त माणसं, माझ्दाकडे पाच. माझ्दा लहान कंपनी हे खरं, पण इतकी लहान नव्हे. हॅमरचं म्हणणं, कुचकामी पद्धत संगणकावर चढवू नका, मोडून टाका. आपण बरेचदा नेमकं उलटं केलं: तोच अर्ज, त्याच सह्या, फक्त स्कॅन करून.

भारतात 1997 पासून नागरिकांची सनद, म्हणजे कोणतं काम किती दिवसांत होईल याचं कार्यालयाचं लेखी वचन, आली, भिंतींवर फलक लागले. गोव्याने 2013 मध्ये कालबद्ध सेवांचा कायदा केला. मुदत चुकली तर अपील आणि दंड, हे मोठंच पाऊल. तरी कायदा दिवस मोजतो. कागद कुठे अडतो ते खिडकीमागे बसलेल्यालाच ठाऊक.

माझ्या चारपैकी दोन फेऱ्या एका झेरॉक्सपायी झाल्या, जी फलकावरच्या यादीत नव्हतीच. निघताना खिडकीवर तसं सांगितलं. कारकून उठला, बाहेर आला आणि यादीच्या तळाशी बॉलपेनने सहावी ओळ लिहून गेला.