नौदल : आधुनिक काळातील कार्ये

नौदल म्हणजे राज्याच्या वतीने समुद्रावर वावरणारे शस्त्रसज्ज दल. युद्धनौका, पाणबुड्या, विमाने, किनाऱ्यावरचे तळ, गोद्या आणि हे सारे चालवणारी माणसे असा त्याचा पसारा असतो. लढणे हे त्याचे मूळ काम खरे. पण कित्येक नौसैनिकांची सगळी नोकरी एकही लढाई न पाहता पार पडते, आणि तरी त्यांची जहाजे वर्षभर समुद्रात असतात. ती तिथे काय करतात हे समजून घ्यायला मुंबईसारखी जागा नाही. पश्चिम नौदल कमांडचे मुख्यालय येथे आहे, नौदलाची जुनी गोदी फोर्टाला लागून आहे, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत युद्ध, तस्करी, तेल, चाचे, अतिरेकी आणि वादळ हे सगळेच समुद्रावाटे या शहराच्या दारात आले आहे.

ब्रिटिश अभ्यासक केन बूथ यांनी १९७०च्या दशकात नौदलाच्या कामांची तीन अंगे मांडली : लष्करी, राजनैतिक आणि पोलिसी. भारतीय नौदल त्यांत मदतकार्याचे चौथे अंग धरते. ही विभागणी अभ्यासाच्या सोयीची आहे. प्रत्यक्षात तेच जहाज, तेच खलाशी ही चारही कामे करतात. माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस मुंबई’ ही विनाशिका शत्रूची जहाजे बुडवण्यासाठी घडवली गेली. २००६ मध्ये लेबनॉनमधून आणि २०१५ मध्ये येमेनमधून अडकलेल्या लोकांना बाहेर काढायला तीच गेली.

युद्धकार्य : समुद्र जमिनीसारखा जिंकून ताब्यात ठेवता येत नाही, त्यावर ठाणे बसत नाही. म्हणून नौदले दोन गोष्टींचा विचार करतात. हवा तो सागरी भाग हव्या तेवढ्या काळासाठी आपल्याला वापरता यावा, हे सागरी नियंत्रण. आपल्याला नाही तर नाही, पण शत्रूला तो सुखाने वापरू द्यायचा नाही, हा सागरी प्रतिबंध. पहिल्याला मोठे आरमार लागते, दुसरा लहानालाही साधतो.

सागरी प्रतिबंधाचे आपल्याकडचे जुने आणि माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण मुंबई बंदराच्या तोंडावरच घडले. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी तो अडवण्यासाठी आपली मोठी जहाजे आणून उभी केली. मराठ्यांच्या हलक्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या मात्र रात्रीच्या अंधारात थळच्या किनाऱ्यावरून बेटावर माणसे आणि सामान पोहोचवत राहिल्या. इंग्रजांना अखेर माघार घ्यावी लागली. एप्रिल २०२२ मध्ये रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याची ध्वजनौका ‘मॉस्क्वा’ बुडाली, ती किनाऱ्यावरून सोडलेल्या युक्रेनच्या क्षेपणास्त्रांनी. पुढे स्फोटके भरलेल्या बिनमाणशी होड्यांनी त्या ताफ्याला आणखी हैराण केले, आणि तेही युक्रेनजवळ मोठ्या युद्धनौका जवळपास उरल्या नसताना. शस्त्रे बदलली, हिशेब तोच आहे.

मुंबईच्या आठवणीतले नौदल-युद्ध म्हणजे १९७१चे. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. या नौका मुळात किनारा राखण्यासाठी होत्या, लांबचा पल्ला त्यांना झेपणारा नव्हता. म्हणून त्यांना वाटेत ओढून नेण्यात आले. पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडाली. ८ डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ने कराचीतील तेलाच्या टाक्या पेटवल्या. या हल्ल्यांचा खरा परिणाम बुडालेल्या जहाजांच्या संख्येत मोजता येत नाही. कराचीकडे जाणारी व्यापारी वाहतूकच धास्तावली आणि बंदर जवळजवळ बंद पडले. ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या जोडीने ९ डिसेंबरही लक्षात ठेवायला हवा. त्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले.

अण्वस्त्रे बाळगणाऱ्या देशांच्या नौदलांवर आणखी एक जबाबदारी असते : पाण्याखाली दडून राहण्याची. जमिनीवरची सारी अस्त्रे नष्ट झाली तरी पाणबुडीतून प्रतिहल्ला होईल, ही धास्ती शत्रूला पहिला वार करू देत नाही. ब्रिटनची निदान एक अशी पाणबुडी १९६९ पासून सतत समुद्रात असते. भारताच्या ‘अरिहंत’ने अशी पहिली गस्त २०१८ मध्ये पूर्ण केली. या पाणबुडीचे यश म्हणजे तिला अस्त्र कधीही सोडावे न लागणे.

सागरी पोलिसी : १९८२च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने समुद्राचे पट्टे आखले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, तिथे देशाची सत्ता. २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, तिथले मासे आणि तेल देशाचे, पण वाट सर्वांची. त्यापलीकडे खुला समुद्र. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.) खुल्या समुद्रात जहाजावर साधारणपणे त्याच्या ध्वजाच्या, म्हणजे त्याची नोंद असलेल्या देशाचाच अधिकार चालतो. चाचेगिरी हा याला मोठा अपवाद : चाच्यांचे जहाज कोणत्याही देशाची युद्धनौका पकडू शकते. मात्र पकडल्यावर त्यांचा न्याय कोणी आणि कोणत्या कायद्याने करायचा, हा प्रश्न त्या-त्या देशाच्या कायद्यावर येऊन थांबतो, आणि याचा धडा मुंबईच्या न्यायालयांत मिळाला.

ऑक्टोबर १९९९ मध्ये इंडोनेशियातून जपानला निघालेले ‘अलोंड्रा रेनबो’ हे मालवाहू जहाज चाच्यांनी पळवले. जहाजावरच्या १७ जणांना त्यांनी तराफ्यावर सोडून दिले. थाई मच्छीमारांनी त्यांना वाचवले. नाव बदलून अरबी समुद्रात आलेले ते जहाज नोव्हेंबरमध्ये तटरक्षक दलाची ‘ताराबाई’ आणि नौदलाची ‘प्रहार’ यांनी पाठलाग करून पकडले, बुडवण्याचा चाच्यांचा बेत हाणून पाडला आणि ते मुंबईला आणले. सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा दिली. २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरीसाठी वेगळा कायदाच देशात नव्हता. तो २०२२ मध्ये झाला. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ‘रुएन’ हे पळवलेले जहाज गाठले, हवाई दलाच्या विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, ३५ सोमाली चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली करण्यात आले, ते याच नव्या कायद्याखाली. पंचवीस वर्षांच्या अंतराने जहाजे दोन्ही वेळा आपले काम चोख करून आली होती. फरक किनाऱ्यावरच्या कायद्यात होता.

एडनच्या आखातात भारतीय नौदल २००८ पासून गस्त घालते. युरोपीय संघ, चीन, अमेरिका यांची जहाजेही तिथे असतात. एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणारी नौदले व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी एकाच पाण्यात वावरतात, कारण जगाच्या व्यापारातला आकारमानाने ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो.

किनाऱ्यालगतची पोलिसी सहसा तटरक्षक दलाकडे असते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर सोने आणि घड्याळे उतरवणाऱ्या तस्करांमुळे युद्धनौकांना भलत्याच कामाला जुंपावे लागत होते, म्हणून १९७८ मध्ये भारताचे वेगळे तटरक्षक दल उभे राहिले. नॉर्वेचे तटरक्षक दल नौदलाचाच भाग आहे. आइसलंडला नौदल नाहीच. तरी कॉड माशांवरून झालेल्या वादात त्याच्या गस्तनौका ब्रिटिश युद्धनौकांपुढे १९७६ पर्यंत टिकून राहिल्या. उलट बोलिव्हियाने एकोणिसाव्या शतकात चिलीशी झालेल्या युद्धात किनारा गमावला, पण टिटिकाका सरोवरावर आणि नद्यांवर आपले नौदल जपले आहे.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री दहा अतिरेकी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. त्यानंतर २००९ मध्ये किनारी सुरक्षेसह सर्व सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली. नौदलाचे तळ आणि लगतचा किनारा राखणारे सागर प्रहरी बल उभे राहिले, मुंबईसह चार ठिकाणी संयुक्त कार्यवाही केंद्रे झाली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. तरीही हजारो होड्यांच्या गर्दीत परकी होडी कोणती हे रडार सांगू शकत नाही. ते तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला कळते : होडीची बांधणी, चालवण्याची ढब, कुठल्या ऋतूत कोण कुठे जाळे टाकतो यावरून. म्हणून कोळीवाड्यांशी विश्वासाचे नाते हा किनारी सुरक्षेचा पाया आहे, आणि तपासणीच्या नावाखाली कोळ्यांनाच जाच झाला तर तो पाया खचतो. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायच्या तेलविहिरी आहेत. तिथेही हाच ताण असतो : फलाटांभोवती ५०० मीटरपर्यंत इतर नौकांना मज्जाव असतो, आणि मासे नेमके फलाटांच्या आसऱ्याला जमतात.

मदत आणि मैत्री : १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात बॉम्बे हायजवळ ‘पी-३०५’ हा कामगारांच्या निवासाचा मोठा तराफा (बार्ज) नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ जण होते. ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ या विनाशिका खवळलेल्या समुद्रात तिथे पोहोचल्या. नौसैनिकांनी रात्रभर लाइफ जॅकेटवर तरंगणारी माणसे एकेक करून वर घेतली. १८६ जण वाचले. अशा वेळी जहाज किती क्षेपणास्त्रे वाहते याला अर्थ नसतो. मोठ्या लाटांत टिकण्याची ताकद, हेलिकॉप्टर, डॉक्टर आणि सराव झालेले हात लागतात, आणि हे सारे युद्धाच्या तयारीतूनच आलेले असते.

राजनैतिक काम त्या मानाने शांतपणे चालते. परदेशी बंदराला भेट, संयुक्त सराव, मित्रदेशाच्या समुद्रतळाची मोजणी करून नकाशे देणे हे त्याचे नेहमीचे प्रकार. अमेरिकेबरोबर १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘मलबार’ सरावात आता जपान आणि ऑस्ट्रेलियाही असतात. २००१ मध्ये मुंबईसमोर अनेक देशांच्या युद्धनौकांचे आंतरराष्ट्रीय ताफा संचलन झाले.

गोदी : जहाजांच्या आकड्यांवरून नौदलाचे बळ ठरवणे फसवे असते. ताफ्यातली काही जहाजे समुद्रात असतात, काही परतून सरावात आणि काही दुरुस्तीला लागलेली. म्हणून गोदी हे नौदलाचे अर्धे अंग होय. मुंबईच्या गोदीची परंपरा अठराव्या शतकात सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांपासून सुरू होते. येथे सागवानात बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. माझगाव गोदीने १९७२ मध्ये ब्रिटिश आराखड्यावरून बांधलेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका नौदलाला दिली. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत ‘सुरत’ ही विनाशिका आणि ‘वागशीर’ ही पाणबुडी यांच्याबरोबर नवी ‘निलगिरी’ दाखल झाली. तिघीही माझगावातच बांधलेल्या, आणि या निलगिरीचा आराखडा नौदलाच्या स्वतःच्या विभागाने केलेला आहे.