घरी बांधलेल्या विमानाला अमेरिकेत प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रे आणि क्रम

गॅरेजमध्ये विमान बांधायला अमेरिकेत परवाना लागत नाही, उडवायला लागतो. एफएएच्या (अमेरिकेची नागरी विमान वाहतूक नियामक संस्था) ‘एक्सपेरिमेंटल ॲमॅच्युअर-बिल्ट’, म्हणजे प्रायोगिक, हौशी बांधणीच्या विमानांच्या गटात बसण्याची अट एकच, पण कडक: निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेले हवे. यालाच ‘५१ टक्के’ नियम म्हणतात. हे प्रमाण तासांवर किंवा खर्चावर ठरत नाही. फॉर्म ८०००-३८ मधल्या कामांच्या यादीवर मोजतात. इंजिन, प्रोपेलर, चाके, ब्रेक विकत घ्या, ते हिशेबात येत नाहीत. मजुरी देऊन करून घेतलेले काम मात्र तुमच्या खात्यात धरत नाहीत. म्हणून अर्धवट तयार ‘क्विक-बिल्ड’ किट आणि वर पगारी मदत, ही जोडी धोक्याची.

पुरावा पहिल्या दिवसापासून जमवा. पंखाचा पत्रा रिव्हेट मारून बंद झाला की आतले काम कुणालाच दिसत नाही. दर वेळी तारीख, काम, मॅन्युअलचे पान आणि फोटो नोंदवा. काही फोटोंत तुम्ही स्वतः काम करताना दिसायला हवे.

आधी नोंदणी. फॉर्म ८०५०-१, नोटरी केलेले ८०५०-८८ प्रतिज्ञापत्र आणि किटची विक्रीपावती जोडा. वैयक्तिक नोंदणी अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाच्याच नावावर होते. एच-१बीवरच्या मराठी मंडळींनी हे किट मागवण्याआधीच लक्षात घ्यावे. बिल्डर म्हणून किट कंपनीचे नव्हे, तुमचे नाव येते. नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक प्रत्येक कागदावर आणि आगीत न जळणाऱ्या धातूच्या डेटा प्लेटवर अक्षरशः सारखे ठेवा. एका डॅशच्या फरकानेही काम अडू शकते.

मग ८१३०-६ हा अर्ज, ८१३०-१२ हे पात्रतेचे निवेदन, विमानाची तीन बाजूंची रेखाचित्रे किंवा फोटो, वजन-समतोलाचा तक्ता आणि चाचणीचा हेतू व क्षेत्र सांगणारे पत्र. तपासणी एफएएचा निरीक्षक विनाशुल्क करतो. नेमलेला खासगी प्रतिनिधी, म्हणजे डीएआर, फी घेतो. काउलिंग (इंजिनावरचे आवरण) आणि तपासणीची झाकणे उघडी ठेवा. विमानावर ‘एक्सपेरिमेंटल’ ही अक्षरे किमान २ इंच उंच हवीत.

प्रमाणपत्रानंतर चाचणी-उड्डाणांचा पहिला टप्पा ठरवून दिलेल्या क्षेत्रातच उडवायचा: इंजिन-प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४०.

दरवर्षीची तपासणी स्वतः करायची असेल तर फॉर्म ८६१०-३ वर रिपेअरमन प्रमाणपत्र मागा. वय १८ पूर्ण हवे, इथेही नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागते. ते एका विमानामागे एकाच मुख्य बिल्डरला मिळते; दोघे मिळून बांधत असाल तर नाव सुरुवातीलाच ठरवा.