‘निग्लिजन्स’: पापापासून पंचनाम्यापर्यंत

रस्त्यावरच्या अपघाताची फिर्याद वाचली की एक वाक्य हमखास भेटतं. तालुका कुठलाही असो, ट्रक असो नाहीतर दुचाकी, लिहिणारा अंमलदार लिहितो: ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून...’ यातला ‘हयगय’ हा शब्द घराघरातून जवळपास गेला. औषधपाण्यात हयगय करू नकोस, असं सांगणारी पिढी होती तोवर तो होता. पोलीस ठाण्यात मात्र तो अजून रोज कामावर हजर असतो, कारण त्याच्या पाठीशी एक इंग्रजी शब्द उभा आहे. निग्लिजन्स.

आपण या शब्दाचं मराठी बहुतेक वेळा ‘निष्काळजीपणा’ असं करतो आणि पुढे जातो. पण या दोन शब्दांत एक फट आहे. काळजी वाटते, काळजी करतो आणि काळजी घेतो, अशा तीन वेगळ्या गोष्टी मराठी माणूस सहज बोलून जातो. ज्याला काळजी वाटते तो काळजी घेतोच असं नाही. निग्लिजन्स या शब्दाचा गेल्या सहाशे-सातशे वर्षांचा प्रवास म्हणजे या ‘वाटण्या’कडून ‘घेण्या’कडे झालेलं स्थलांतर आहे, असं मला दिसतं. सुरुवातीला तो मनाचा दोष होता. कायद्याने त्यातून मन हळूहळू काढून टाकलं.

शब्द मूळचा लॅटिन. ‘लेगेरे’ म्हणजे वेचणं, गोळा करणं, निवडणं, आणि पुढे वाचणंसुद्धा. त्याला नकार जोडून झालं ‘नेग्लेगेरे’: न वेचणं, समोर पडलेलं न उचलणं. याच धातूचं गोत मोठं आहे. इलेक्शन, कलेक्शन, लेक्चर, इंटलेक्ट ही सगळी त्याची नातवंडं. इतकंच काय, सरपणाला लॅटिनमध्ये ‘लिग्नुम’ म्हणतात, म्हणजे रानातून वेचून आणलेलं. आणि निग्लिजन्सच्या नेमका उलट असलेला डिलिजन्स हासुद्धा त्याच घरातला. ‘दिलिगेरे’ म्हणजे अनेकांतून वेगळं काढून जपणं, जीव लावणं. एकाच धातूची दोन पोरं, एक उचलणारं आणि दुसरं पाहून पुढे जाणारं.

चौदाव्या शतकात फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा तो चर्चच्या वळचणीला राहिला. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये पाद्री सात पापांविषयी बोलतो. त्यात आळसाच्या पापाखाली तो निग्लिजन्स घालतो आणि लगेच त्याचं देशी नाव देतो: रेकलेसनेस. म्हणजे तेव्हा हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय होते. आज इंग्लंडच्या कोर्टात वकिलाने यातल्या एकाच्या जागी दुसरा वापरला तर खटल्याचं रूपच बदलेल. धोका ठाऊक असूनही जो पुढे जातो तो रेकलेस, आणि जे ध्यानात यायला हवं होतं ते ज्याच्या ध्यानातच आलं नाही तो निग्लिजंट. लॅटिन ‘मास’मध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, धर्मगुरू आपली अगणित पापं आणि अपराध यांच्या जोडीला ‘नेग्लिजेंतिया’ही देवापुढे ठेवत असे, ती याच अर्थाने. करायला हवं होतं, मन तिकडे नव्हतं, राहून गेलं.

(‘केअरलेस’चंही असंच. जुन्या इंग्रजीत ‘केअर’ म्हणजे दुःख, घोर. त्यामुळे केअरलेस माणूस मुळात आपल्या ‘निश्चिंत’च्या जवळचा होता, दोषी नव्हता. आपल्याकडे प्रमाद या शब्दाने वेगळी वाट धरली. संस्कृतात तो नशेच्या धातूवरून आलेला, बेसावधपणाचा वाचक. मराठीत तो निव्वळ ‘चूक’ होऊन बसला.)

मधल्या काळात या शब्दाने एक गंमत केली. तो छान दिसू लागला. याचं बी रोमन वक्ता सिसेरो याने पेरून ठेवलं होतं: भाषणाच्या शैलीविषयी बोलताना तो म्हणतो की एक प्रकारची बेफिकिरीही मेहनतीने साधावी लागते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दरबारी लोकांनी हे मनावर घेतलं. केस थोडे विस्कटलेले, बंद थोडा सैल, आणि हे सगळं आरशापुढे तासभर बसून केलेलं! अठराव्या शतकात फ्रेंच ‘नेग्लिजे’ म्हणजे घरात घालायचा सैल, अनौपचारिक पोशाख झाला, आणि विसाव्या शतकात त्याचा बायकांचा झिरझिरीत गाऊन झाला. इंग्लंडातले विद्वान पुरुष अठराव्या शतकातच घरी जो ढगळ झगा घालून चित्रकारासमोर बसत, त्याला ‘बन्यान’ म्हणत. हा शब्द आपल्या वाण्यांवरून गेलेला. तोच पुढे आपल्याकडे बनियन होऊन दोरीवर वाळत पडला.

पण शब्दाचं खरं नशीब फिरलं ते कोर्टात. रोमन कायद्यात याचा विचार आधीच झाला होता. सहाव्या शतकात संकलित झालेल्या ‘डायजेस्ट’मध्ये उल्पियन या कायदेपंडिताचं एक वचन आहे: घोर दोष म्हणजे अतिरेकी ‘नेग्लिजेंतिया’, म्हणजे जे सगळ्यांना कळतं ते न कळणं. मूळ लॅटिन वाक्यात ‘न कळणं’ हे क्रियापदही ‘लेगेरे’चंच आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तो ‘सगळे’. तुझ्या मनात काय होतं हे बाजूला ठेव, चारचौघांना काय कळलं असतं ते सांग.

इंग्रजी न्यायालयांना याच ठिकाणी पोचायला एका गवताच्या गंजीने मदत केली. श्रॉपशर परगण्यातल्या एका शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या खोपटांजवळ, आपल्या हद्दीच्या कडेला गवताची गंजी रचली. ओलसर गवत दाबून रचलं की आतल्या आत तापतं आणि आपोआप पेट घेतं, हे आपल्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. आसपासच्या लोकांनी आठवडेच्या आठवडे त्याला बजावलं. त्याच्या मालाचा विमा होता. तो म्हणाला, बघू, होईल ते होईल. नंतर त्याने गंजीतून धुराड्यासारखी एक पोकळी काढली, पण गंजी पेटलीच आणि शेजारची खोपटं खाक झाली. १८३७ मध्ये ‘व्हॉन विरुद्ध मेनलव्ह’ या नावाने हा वाद वरच्या कोर्टात आला. बचाव असा होता की माणसाने आपल्या बुद्धीप्रमाणे प्रामाणिकपणे केलं. त्याला देवाने फार अक्कल दिली नाही, हा काही त्याचा गुन्हा नव्हे.

बचाव साधा वाटतो, पण जुना अर्थ धरला तर तो बिनतोड आहे. मनात खोट नाही तर पाप कसलं? सरन्यायाधीश टिंडल यांनी तो फेटाळला. प्रत्येकाची अक्कल वेगळी धरली तर माप प्रत्येकाच्या पावलाइतकं कमीजास्त होईल, असं त्यांनी म्हटलं. माप एकच: सर्वसाधारण शहाण्या माणसाने जेवढी खबरदारी घेतली असती तेवढी. त्या दिवशी ‘काळजी वाटत होती का’ हा प्रश्न संपला आणि ‘काळजी घेतली का’ एवढाच उरला.

१८५६ मध्ये बर्मिंगहॅमच्या पाणीपुरवठा कंपनीच्या खटल्यात न्यायाधीश बॅरन आल्डरसन यांनी याचीच व्याख्या बांधून दिली: समंजस माणसाने जे केलं असतं ते न करणं, किंवा त्याने जे केलं नसतं ते करणं. गंमत अशी की या खटल्यात कंपनी सुटली. पंचवीस वर्षं नीट चाललेली आगीच्या नळाची तोटी न भूतो अशा थंडीत निकामी झाली आणि घरात पाणी शिरलं. एवढी थंडी कोण गृहीत धरणार, असं न्यायालयाचं मत पडलं. तोवर रेल्वे आणि कारखाने आले होते. अनोळखी माणूस अनोळखी माणसाला रोज इजा करू लागला होता, आणि अशा जगाला या शब्दाची गरज पडली.

त्याचं टोक म्हणजे पेस्लीची गोगलगाय. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावी वेलमेडो कॅफेत मे डोनह्यू या बाईंच्या मैत्रिणीने त्यांच्यासाठी जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची. थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतताना तिच्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आल्याचं डोनह्यूबाईंचं म्हणणं. पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे दुकानदाराशी यांचा करार नाही. बाटली भरणाऱ्याशी तर नाहीच. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की तरीही बाटली भरणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते. लॉर्ड अॅटकिन यांनी बायबलातला ‘शेजारी’ उचलला आणि त्याला कायद्याचे कपडे चढवले: तुमच्या कृतीची झळ ज्याला बसेल हे तुम्हाला आधी दिसायला हवं, तो तुमचा शेजारी. चर्चमधून निघालेला शब्द पुन्हा चर्चच्याच दाराशी उसनवारीला गेला, असं म्हणायला हरकत नाही. ती गोगलगाय बाटलीत खरंच होती का, हे मात्र कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही.

भारतात हा शब्द फौजदारी दाराने आला. मेकॉलेच्या १८३७ च्या दंड संहितेच्या मसुद्यात अविचाराने किंवा हयगयीने मृत्यू घडवण्याचं कलम होतं. १८६० मध्ये दंड संहिता मंजूर होताना ते गळलं आणि १८७० मध्ये ३०४-अ म्हणून परत आलं. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. हयगय आणि मृत्यू यांची गाठ किती घट्ट हवी, हे १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी सांगितलं: हयगय हेच मृत्यूचं थेट कारण असलं पाहिजे, अनेकांपैकी एक असून भागणार नाही. त्याचा दाखला साठ वर्षांनी मुंबईतल्याच एका रंगाच्या कारखान्याच्या खटल्यात निघाला. आगीत सात कामगार गेले होते. परवान्याच्या अटी पाळल्या नव्हत्या, हे खरं. पण कढत मिश्रणात टर्पेंटाइन घाईने ओतलं ते एका कामगाराने, म्हणून १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापकाला ३०४-अ मधून सोडलं. आगीविषयीच्या हयगयीचं दुसरं, हलकं कलम तेवढं कायम राहिलं. मला हा निकाल वाचताना नेहमी अडखळायला होतं. ओतणाऱ्याचा हात दिसतो, शेगडी तिथे ठेवू देणारा दिसत नाही.

भोपाळमध्ये याच कलमाचं अपुरेपण साऱ्या जगाने पाहिलं. डिसेंबर १९८४ ची वायुगळती, हजारो मृत्यू. १९९६ मध्ये आरोप सदोष मनुष्यवधावरून ३०४-अ वर उतरले आणि २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची. रस्त्यावर एक माणूस दगावला तरी कमाल शिक्षा तेवढीच होती.

डॉक्टरांपुरता हा शब्द पुन्हा वळला. कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर १९५३ मध्ये झालेल्या अपघातात एका तरुणाची मांडी मोडली. पुण्याला आणल्यावर पुरेशी भूल न देता हाड ओढून बसवलं आणि तो गेला. ते प्रकरण दिवाणी, भरपाईचं होतं आणि ते डॉक्टरांच्या विरोधात गेलं. फौजदारी खटल्यासाठी मात्र २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरची हयगय ‘घोर’ असली पाहिजे. उल्पियनचं विशेषण असं सुमारे पावणेदोन हजार वर्षांनी दिल्लीत उतरलं.

१ जुलै २०२४ पासून ३०४-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली, नोंदणीकृत डॉक्टरांसाठी दोनच राहिली. अपघात करून पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षं, असं एक पोटकलमही त्यात आहे. ते कळल्यावर जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारवाल्यांनी चाकं थांबवली, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर हलेनात आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पळणं ही हयगय नव्हेच, ती तर जाणूनबुजून केलेली गोष्ट, तरी ती हयगयीच्याच कलमात बसवलेली आहे. बाकी संहिता लागू झाली तेव्हा सरकारने ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं.